रक्ताची वेगळी बाटली

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला दुसरे महायुद्ध शिकवताना मी फळ्यावर दरवर्षी तीच नावे लिहितो. पर्ल हार्बर, स्टालिनग्राड, एल अलामीन, नॉर्मंडी. एका बाजूला जर्मनी, इटली, जपान. दुसऱ्या बाजूला ब्रिटन, अमेरिका, सोव्हिएत रशिया, चीन. खाली परिणाम : लोकशाहीचा विजय. गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, त्या लोकशाहीत सगळ्यांना एका पंगतीला बसवत होते का?" वर्ग हसला. मला हसू आले नाही. हा मुलगा गावाहून रोज एस.टी.ने येतो आणि त्याच्या गावात लग्नाच्या पंगती अजून कशा बसतात हे मला ठाऊक आहे.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून ते शोधावे लागले.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हिटलरचा पराभव झाला हे चांगलेच झाले. 'शत्रूचा शत्रू तो आपला मित्र' या हिशेबाने जपान-जर्मनीकडे आशेने पाहणारे आपल्याकडे तेव्हा पुष्कळ होते. बाबासाहेब त्यांच्यात नव्हते. वंशश्रेष्ठत्वावर उभे राहिलेले राज्य जिंकले तर सर्वांत तळाच्या माणसाचे काय होईल, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. प्रश्न आहे तो वंशश्रेष्ठत्वाविरुद्ध लढणाऱ्यांच्या घरात काय चालले होते हा. ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद जाहीर केली. आपले सरकार निवडण्याचा हक्क सर्व लोकांना असावा असे तिच्यात होते. महिनाभरातच चर्चिलने पार्लमेंटात खुलासा केला की हे कलम नाझींच्या जोखडाखालील युरोपसाठी आहे, हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाची गोष्ट वेगळी. इंग्रजाचे हे आपल्याला नवीन नाही. म्हणून मी अमेरिकेकडे वळतो.

युद्धसामग्रीच्या कारखान्यांत तेव्हा कामगारांची चणचण होती, पण काळ्या माणसाला मिळालीच तर झाडू मारण्याची जागा. रेल्वेच्या शयनयान डब्यांतील काळ्या हमालांची संघटना बांधणाऱ्या ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची धमकी दिली, तेव्हा कुठे २५ जून १९४१ रोजी रूझवेल्टने आदेश ८८०२ काढून या कारखान्यांतील भेदभावाला बंदी घातली. विनंतीअर्जाने जे झाले नव्हते ते मोर्चाच्या नुसत्या तारखेने झाले. सैन्यातील भेदाला मात्र या आदेशाने हात लावला नाही. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत 'पिट्सबर्ग कुरियर' या काळ्यांच्या वृत्तपत्राने दुहेरी विजयाची घोषणा उचलली : एक विजय बाहेरच्या शत्रूवर, दुसरा घरातल्या.

आता रक्ताची गोष्ट. तिच्यापाशी मी सर्वांत जास्त थांबलो.

रक्तातील द्रव भाग वेगळा काढून तो साठवण्याच्या आणि दूर पाठवण्याच्या शास्त्रात चार्ल्स ड्र्यू या काळ्या शल्यविशारदाचे काम मूलभूत आहे. १९४० मध्ये बाँबवर्षावाखालच्या ब्रिटनला अमेरिकेतून रक्तद्रव पाठवण्याची व्यवस्था त्यानेच पाहिली. त्याच अमेरिकेत १९४१ च्या अखेरीस रेड क्रॉसने काळ्या दात्यांचे रक्त घेण्यास नकार दिला. ओरड झाली तेव्हा, जानेवारी १९४२ मध्ये, ते घेण्याचे ठरले, पण वेगळे. वेगळी बाटली, तिच्यावर वेगळी खूण. रक्ताला वर्ण नसतो हे विज्ञान ठाऊक असलेल्या देशाने हे केले आणि १९५० पर्यंत चालवले. चवदार तळ्याचे पाणी गुराढोरांना चालत होते आणि माणसाच्या ओंजळीने बाटत होते, हे वाचत मोठे झालेल्या माझ्यासारख्याला ही बाटली समजायला भाष्यकार लागत नाही. जाता जाता सांगतो : गोऱ्यांच्या इस्पितळाने दारातून परत पाठवल्यामुळे ड्र्यू रक्तावाचून मेला, अशी एक कथा सांगितली जाते. ती खरी नाही. १९५० मध्ये मोटार अपघातात तो जखमी झाला आणि गोऱ्या डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार केले. खोटी कथा आपण सांगू नये. खरी बाटली पुरेशी आहे.

सैन्यात काळ्यांना बहुतेक ठिकाणी कष्टाची कामे होती : वाढणे, वाहणे, खणणे. पर्ल हार्बरला ७ डिसेंबर १९४१ रोजी 'वेस्ट व्हर्जिनिया' या युद्धनौकेवर डोरी मिलर भोजनगृहात वाढपी होता. विमानविरोधी तोफा चालवण्याचे शिक्षण त्याला दिलेले नव्हते. त्याने मोकळी मशीनगन हाती घेतली आणि चालवली. पदक मिळाले, काम वाढप्याचेच राहिले. आसामातील लेडोहून ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा रस्ता ज्या अमेरिकन शिपायांनी जंगल तोडून काढला, त्यांतही बहुसंख्य काळेच होते.

१ एप्रिल १९४२ रोजी ७६१ वी रणगाडा पलटण उभी राहिली. शिपाई काळे, वरचे बरेच अधिकारी गोरे. तिचे चिन्ह होते काळा चित्ता आणि लोक तिला 'ब्लॅक पँथर्स' म्हणत. 'पँथर' हा शब्द आपल्याकडे १९७२ मध्ये मुंबईत कसा आला आणि त्याने काय केले हे या पानांच्या वाचकाला सांगायला नको. तो १९६६ च्या ओकलंडवरून आला; ओकलंडचा पँथर अलाबामातील एका काउंटीच्या निवडणूक चिन्हावरून आला. या पलटणीशी त्याचे नाते जोडण्याचा मोह मला झाला होता, पण तसा धागा सापडत नाही. तरीही फ्रान्सच्या चिखलातून जाणाऱ्या रणगाड्यांचे हे नाव वाचताना मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले.

त्यांना अडीच वर्षे नुसते शिक्षणच दिले गेले. टेक्सासच्या छावणीत पुढे बेसबॉलपटू म्हणून गाजलेला जॅकी रॉबिन्सन त्यांचा अधिकारी होता. जुलै १९४४ मध्ये बसमध्ये मागे जाऊन बस, हा हुकूम त्याने मानला नाही म्हणून त्याच्यावर लष्करी खटला भरला. तो निर्दोष सुटला, पण पलटण त्याच्याविना युरोपात गेली. नोव्हेंबरात पॅटनच्या सैन्यात ती लढाईत उतरली आणि १८३ दिवस लढत राहिली. ओक्लाहोमाचा सार्जंट रूबेन रिव्हर्स याचा रणगाडा १६ नोव्हेंबरला सुरुंगावर गेला. पाय हाडापर्यंत उघडा पडला. मागे जाण्यास आणि वेदनाशामक घेण्यास त्याने नकार दिला आणि तीन दिवसांनी सहकाऱ्यांच्या माघारीला आडोसा देत तो मारला गेला. त्याच्या गोऱ्या कप्तानाने सर्वोच्च पदकासाठी त्याचे नाव सुचवले होते. त्या महायुद्धात ते पदक चारशेहून अधिक जणांना मिळाले. युद्ध संपले तेव्हा त्यांत एकही काळा नव्हता. पलटणीचा गौरव १९७८ मध्ये झाला, रिव्हर्सचे पदक १९९७ मध्ये निघाले. त्या दिवशी सात काळ्या शिपायांना ते दिले गेले. जिवंत होता एकटा व्हर्नन बेकर.

डिसेंबर १९४४ मध्ये आर्देनच्या जंगलात जर्मनांनी मुसंडी मारली आणि पायदळाला माणसे कमी पडली, तेव्हा काळ्या शिपायांतून स्वयंसेवक मागवले. अट अशी की हुद्दे सोडून साधा शिपाई म्हणून यायचे, म्हणजे गोऱ्यावर काळ्याचा हुकूम चालण्याचा प्रसंग येणार नाही. हजारोंनी हुद्दे उतरवले आणि आले. मरणाच्या रांगेत शिवाशीव पाळत नाहीत; हुकमाच्या रांगेत पाळतात.

जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना १९४२ च्या आदेशाने काटेरी तारांमागे नेले. त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. त्या छावण्यांतूनही मुलगे लष्करात गेले. सरकारने माफी मागितली १९८८ मध्ये. आणि १७ जुलै १९४४ रोजी कॅलिफोर्नियातील पोर्ट शिकागो धक्क्यावर दारूगोळा जहाजांवर चढवताना स्फोट होऊन ३२० माणसे मेली. त्यांतले २०२ काळे. उरलेल्यांनी पुन्हा तेच काम करण्यास नकार दिला, तर पन्नास जणांना बंडखोर ठरवून शिक्षा झाली. नौदलाने त्यांना दोषमुक्त केले २०२४ मध्ये. ऐंशी वर्षांनी.

त्या मुलाने विचारलेली पंगत मला सापडली ती कॅन्सास राज्यातील सलायना गावात. लॉईड ब्राउन या काळ्या शिपायाने लिहून ठेवले आहे की तो आणि त्याचे सोबती तिथल्या खानावळीत शिरले, तेव्हा इथे काळ्यांना वाढत नाही असे मालकाने सांगितले. आत बसून जेवत होते जर्मन युद्धकैदी.

माझे पणजोबा बेळगावला भरती झाले होते. १८९२ नंतर 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताखाली महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण काढली, १९२१ मध्ये मोडली. पुन्हा गरज पडली. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि ऑक्टोबरात महार रेजिमेंट उभी राहिली. पणजोबा १९४६ मध्ये बूट घालूनच गावात आले. चावडीसमोर ते काढायला लावले. ते काढले, हातात घेतले, आणि वस्तीत पोचल्यावर पुन्हा घातले, असे आजी सांगते. घरात पहिला पदवीधर मी. त्यांचे पदक लोखंडी पेटीतून काढून त्यावरचे इंग्रजी वाचणाराही पहिला मीच.

त्याच १९४६ च्या जुलैत बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉईस यांना पत्र लिहिले. काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांसाठीही तसे काही करावे असा विचार होता. महिनाअखेरीस उत्तर आले, सहानुभूतीचे.

हे सारे मी पुढच्या तासाला वर्गात सांगितले. तो मुलगा शेवटी उभा राहिला. "सर, परीक्षेत हे लिहिले तर गुण मिळतील?" तपासणारा कोण असेल त्यावर आहे, मी म्हणालो. त्याने सलायनाचे स्पेलिंग विचारले आणि वहीत लिहून घेतले.