भारतीय विमान कंपन्यांचे संचालन-व्यवस्थापन आणि स्पर्धा (१९९४ ते २०२५) : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपालाचे विमान आणले आणि भारतीय हवाई सेवेचा पाया घातला. १९५३ च्या कायद्याने या सेवेचे राष्ट्रीयीकरण झाले व पुढील चार दशके नियमित हवाई सेवा शासकीय महामंडळांच्याच हाती राहिली. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना नियमित सेवेचे दार उघडले. त्यानंतर अनेक कंपन्या आल्या आणि बुडाल्या. बाजारपेठ एकच असताना काही कंपन्या टिकल्या व काही बुडाल्या, याचे कारण संचालनाच्या पद्धतीत कितपत आढळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वेळ हेच भांडवल :
हवाई व्यवसायातील माल नाशवंत असतो. विमान सुटल्यावर रिकामी राहिलेली जागा पुन्हा विकता येत नाही. जमिनीवर उभे असलेले विमान काहीही कमावत नाही, त्याचे भाडे व हप्ते मात्र चालूच राहतात. अमेरिकेतील साऊथवेस्ट कंपनीने १९७२ मध्ये आर्थिक अडचणीमुळे आपल्या चार विमानांपैकी एक विकले. उरलेल्या तिघांवर चारांचे वेळापत्रक चालविण्यासाठी दोन उड्डाणांमधील थांबा दहा मिनिटांवर आणला गेला. स्वस्त विमानसेवेच्या जगभरच्या प्रसारामागे ही दृष्टी आहे. भारतात कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने २००३ मध्ये स्वस्त सेवेचा आरंभ केला.

दोन मार्ग :
किंगफिशर (२००५) आणि इंडिगो (२००६) या कंपन्या जवळजवळ एकाच वेळी उतरल्या. किंगफिशरने आदरातिथ्यावर भर दिला, २००७ मध्ये डेक्कनमधील हिस्सा घेतला आणि २००८ मध्ये लंडनसाठी उड्डाण सुरू केले. परिणामी ताफ्यात लहान एटीआर, मध्यम व लांब पल्ल्याची एअरबस अशी निरनिराळी विमाने एकत्र आली. प्रत्येक प्रकारासाठी वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग आणि देखभाल वेगळी लागते. कर्जभार वाढत गेला व ऑक्टोबर २०१२ मध्ये सेवा थांबली.

इंडिगोने उड्डाणापूर्वीच, २००५ मध्ये, एअरबस ए-३२० जातीच्या १०० विमानांची मागणी नोंदविली होती. विमाने विकून तीच भाड्याने घेण्याच्या पद्धतीमुळे भांडवल अडकून पडत नसे. २०१७ मध्ये एटीआर येईपर्यंत ताफा एकाच कुळातील राहिल्याने कोणताही वैमानिक कोणत्याही विमानावर नेमता येई. एका विमानात बिघाड झाल्यास दुसरे सहज योजता येई. पुढे देशांतर्गत बाजारपेठेतील ६० टक्क्यांहून अधिक वाटा या कंपनीकडे आला.

काटकसरीची मर्यादा :
तथापि या पद्धतीचीही कसोटी लागली. वैमानिकांना साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास देण्याचा आणि रात्रीची विमाने उतरविण्यावर अधिक निर्बंध घालण्याचा नवा नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाला. दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला आला. डिसेंबरच्या ३ ते ५ तारखांना इंडिगोची सुमारे अडीच हजार उड्डाणे रद्द झाली आणि लाखो प्रवासी विमानतळांवर अडकले. शासनाला भाड्यावर मर्यादा घालावी लागली, रात्रीच्या नियमांतून या कंपनीला तात्पुरती सूटही द्यावी लागली. थकलेल्या वैमानिकाच्या विश्रांतीसाठी केलेला नियम प्रवाशांच्या हालांमुळे मागे सरला, ही बाब चिंताजनक आहे.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, हवाई स्पर्धेत थाटमाटापेक्षा एकसारखा ताफा व वेळेचा काटेकोर वापर निर्णायक ठरतो. मात्र विमानांचे तास जितके ताणता येतात तितके माणसांचे ताणता येत नाहीत. राखीव वैमानिक हा वरवर पाहता फुकटचा खर्च वाटतो, परंतु अडचणीच्या दिवशी त्याच्याच बळावर वेळापत्रक टिकते. देशातील निम्म्याहून अधिक प्रवासी ज्या कंपनीवर अवलंबून असतात, तिने हा खर्च टाळल्यास त्याची किंमत प्रवाशांनाच मोजावी लागते.