उंदीर पडले, गाव हलले

महाराष्ट्राच्या नकाशात मुंबई आणि बोरघाट यांच्या मध्ये पनवेल शोधा. आज तिथे महामार्गांचे जाळे दिसते. सव्वाशे वर्षांपूर्वी चित्र वेगळे होते. घाटावरून उतरणारी बैलगाड्यांची वाट पनवेलच्या खाडीवर येऊन थांबे आणि पुढचा प्रवास पाण्यावरून होई. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली ती कल्याणमार्गे, त्यामुळे पनवेलचा घाटावरचा व्यापार ओसरला. तरी बंदर चालू राहिले, आणि १८५२ पासून नगरपालिका असलेले हे गाव मुंबईशी मचव्यांनी आणि पडावांनी जोडलेले राहिले. भात, पेंढा, लाकूड, मीठ यांची ने-आण आणि माणसांची ये-जा हा रोजचा व्यवहार होता. साथीच्या रोगाचा इतिहास शिकवताना अशा गावापासून सुरुवात करणे सोयीचे असते. साथ येते कुठून आणि जाते कुठे, हा प्रश्न इथे नकाशावर बोट ठेवून विचारता येतो.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात रुग्ण तपासताना डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. तो गाठीचा ताप, म्हणजे प्लेग होता. मांडवी ही धान्याच्या वखारींची वस्ती, आणि वखार म्हटली की उंदीर आलेच. पण या दोन गोष्टींचा संबंध त्या वेळी कोणाला पुरता कळला नव्हता. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला आलेक्सांद्र येर्सँ यांनी शोधला होता. तो माणसात शिरतो कसा, हे मात्र अंधारातच होते. घाण, दमट जमीन, दूषित हवा, रुग्णाचा स्पर्श अशा सगळ्यांवर संशय होता.

संशय जिथे, उपाय तिथे. मुंबईची गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बॉलिक आम्लाने धुतली जाऊ लागली. घरांची कौले काढून ऊन आत घेतले गेले, भिंतींना चुना लागला, कपडे आणि अंथरुणे जाळली गेली. रुग्णाला सक्तीने रुग्णालयात आणि त्याच्या घरच्यांना छावणीत नेण्याचा हुकूम ऑक्टोबरात निघाला. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला आणि महापालिकेला सक्ती सैल करावी लागली. रुग्णालयात माणसे मारून त्यांची मोमियाई काढतात, अशी अफवा गावभर होती. आज आपल्याला ती हास्यास्पद वाटेल. पण रुग्णालयात नेलेली बहुतेक माणसे परत येत नव्हती, हे लोक डोळ्यांनी पाहत होते. नातेवाइकांना आत जाऊ दिले जात नव्हते. दाराआड काय चालते हे कळत नसले की माणूस ती रिकामी जागा कशाने तरी भरतोच.

मग लोक मुंबई सोडू लागले. साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहरातून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत निम्म्याच्या आसपास माणसे निघून गेली होती. गिरण्या ओस पडल्या. रेल्वेच्या डब्यांतून, रस्त्याने आणि होड्यांतून माणसे गावाकडे चालली होती. कोकणातला आणि घाटावरचा मुंबईकर आपापल्या गावी पोचला, आणि त्याच्यामागून प्लेगही पोचला.

या पळण्याला आपण सहसा घबराट म्हणतो आणि पुढे जातो. इथे जरा थांबायला हवे. उंदीर पडू लागले की घर सोडावे, गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहावे, हा रिवाज या देशातल्या अनेक भागांत होता. कुमाऊँ-गढवालच्या डोंगराळ भागातले लोक उंदीर मरताना दिसताच गाव रिकामे करत, याच्या नोंदी प्लेगच्या मुंबईतल्या आगमनाच्या कितीतरी आधीच्या आहेत. आपल्याकडेही पुढच्या वर्षांत माळावरच्या झोपड्यांत महिनोन्‌महिने काढलेल्या कुटुंबांच्या आठवणी घरोघर सांगितल्या जात. या शहाणपणामागचे शास्त्र पुढे दहा वर्षांनी सिद्ध झाले. तेव्हा मुंबईतून पळणारा माणूस पूर्ण चुकीचा नव्हता. रोगट घर सोडण्यात तो बरोबर होता. मात्र अंथरुणाची वळकटी आणि धान्याचे गाठोडे बरोबर नेण्यात धोका होता.

हे समजायला पिसवेचे चरित्र पाहावे लागते. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग आहे. उंदरावरची पिसू रोगी रक्त पिते तेव्हा जंतू तिच्या अन्नमार्गात वाढतात आणि त्यांचा गोळा तिथे बोळ्यासारखा बसतो. प्यायलेले रक्त आत जात नाही, म्हणून पिसू भुकेली राहते आणि पुन्हा पुन्हा चावते. चावताना अडलेले रक्त जंतूंसह जखमेत परत ढकलले जाते. उंदीर मेला की त्याचे शरीर गार पडते. पिसू उबदार रक्ताच्या शोधात उडी मारते, आणि दुसरा उंदीर नसेल तर माणूस चालतो. म्हणजे उंदीर पडणे ही माणसांच्या साथीच्या आधी मिळणारी सूचना होती. चावल्यापासून साधारण दोन ते सात दिवसांत ताप येतो आणि जांघेत किंवा काखेत गाठ उठते.

आता रेल्वेच्या आणि बंदराच्या तपासणीकडे पुन्हा पाहा. कल्याणला गाड्या थांबवून उतारूंना रांगेत उभे करत, ताप पाहत, काखा-जांघा चाचपत. स्त्रियांनाही परपुरुषांसमोर या तपासणीला उभे राहावे लागे. तीवरून संतापाचा भडका उडाला, तेव्हा कुठे स्त्री डॉक्टर आणि परिचारिका नेमल्या जाऊ लागल्या. एवढे करून सापडे कोण? ज्याला आधीच ताप आहे तो. कालच पिसू चावलेला धडधाकट माणूस सुटे, आणि त्याच्या वळकटीतली पिसू तर कोणी पाहतच नसे. गटारात ओतलेले कार्बॉलिक उंदरांना मारत नव्हते. पण बिळे भिजली की उंदीर शेजारच्या आळीत जात आणि पिसवाही बरोबर नेत.

पुण्यात हीच गोष्ट अधिक भयंकर झाली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. त्याच्या आधाराने प्लेग अधिकारी रँड यांनी घरझडतीसाठी गोरे सोजीर आणले. ते बूट घालून देवघरात आणि माजघरात शिरले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास पाठ्यपुस्तकात असतोच. गोपाळ कृष्ण गोखले यांचा प्रसंग मात्र सहसा वर्गात सांगितला जात नाही. ते तेव्हा विलायतेत होते. सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या बातम्या पुण्याहून पत्रांनी आल्या. गोखल्यांनी त्या तिथल्या वर्तमानपत्रात जाहीर केल्या आणि परतल्यावर पुरावा देता न आल्यामुळे माफी मागितली. त्यांच्यावर खूप टीका झाली. अत्याचार झालेच नाहीत असे यावरून सिद्ध होत नाही. साक्ष द्यायला पुढे येणे किती कठीण होते, एवढे मात्र कळते.

त्याच पुण्यात, हडपसरजवळच्या माळावर, डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णालय उघडले होते. सावित्रीबाई फुले रुग्णांना तिथे पोचवत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून आणले आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा मृत्यू झाला. टिळकांनी पुण्यात राहून हिंदू प्लेग रुग्णालय चालवायला मदत केली. मुंबईतही निरनिराळ्या समाजांना आपापली रुग्णालये काढू दिली, घरच्यांना रुग्णाजवळ बसू दिले, तेव्हा रुग्ण लपवण्याचे प्रमाण कमी झाले. जातवार रुग्णालये ही आज आपल्याला रुचणारी गोष्ट नाही, पण दार उघडे ठेवल्याचा परिणाम दिसला. १८९८ नंतर सरकारने सक्ती बरीच सोडून दिली. त्याआधी मार्च १८९८ मध्ये मुंबईत मदनपुऱ्याकडे दंगल होऊन गेली होती.

या गोंधळात एक माणूस ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा जागेत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या मदतीवर काम करत होता. वाल्देमार हाफकिन हे ओडेसाचे, त्या वेळी छत्तीस वर्षांचे. मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब सोडले की प्लेगचे जंतू त्यांना धरून झुंबरासारखे खाली वाढतात, हे त्यांनी पाहिले. ही वाढ उष्णतेने मारून त्यांनी लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तिथे राजी झालेल्या कैद्यांना लस दिली. न टोचलेल्या १७२ पैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्या १४७ पैकी दोघांना झाला, मृत्यू एकही नाही.

टीकाकार म्हणाले, जे लस घ्यायला पुढे आले ते मुळातच सुदृढ असतील. ही शंका रास्त होती. म्हणून फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावात प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना लस दिली, म्हणजे घर एक, जेवण एक, उंदीर तेच. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, तिथे लस न घेतलेल्या ६४ पैकी २७ जण आजारी पडून २६ दगावले, आणि लस घेतलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडून ३ दगावले. नववी-दहावीच्या वर्गात ही चार संख्या फळ्यावर लिहाव्यात आणि मुलांना शेकडेवारी काढू द्यावी. एका गटात मृत्यू शेकडा चाळीसच्या वर आणि दुसऱ्यात शेकडा चारच्या थोडे पुढे, असे उत्तर येते. लस पूर्ण संरक्षण देत नाही, हेही त्याच आकड्यांत दिसते. दोन्ही गोष्टी सांगाव्यात. ‘काहीच होणार नाही’ असे सांगून टोचले की पहिला टोचलेला आजारी पडताच विश्वास संपतो. पनवेलहून घाट चढून गेले की लागणाऱ्या लोणावळ्यातही १८९७ मध्ये ही लस दिली गेली होती.

पिसवेचा शोध मात्र मागेच राहिला. पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ च्या जूनमध्ये कराचीत पिसवांच्या मार्फत एका उंदराचा रोग दुसऱ्याला होतो हे दाखवले, तेव्हा पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झालेल्या पाहिल्या. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने उरलेली शंका फेडली. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना प्लेग झाला, दोन फुटांवर टांगलेल्यांना झाला नाही. पिसूला तेवढी उडी मारता येत नव्हती. ज्या पिंजऱ्याला बारीक जाळी होती त्यातले प्राणीही वाचले, हवा तर दोन्हींकडे सारखीच होती. तोवर देशात लाखो माणसे गेली होती. एकट्या १९०७ या वर्षी सुमारे तेरा लाख गेली.

हे ज्ञान १९९४ मध्ये कामी आले, पण पुरतेपणी नाही. त्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा ताप आढळला. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोक धास्तीने घराबाहेर राहिले, धान्य घरातच राहिले आणि उंदीर वाढले, असे स्पष्टीकरण तेव्हा दिले गेले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले. दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले. हा प्रकार श्वासातून माणसाकडून माणसाला होऊ शकतो, म्हणून तिथे भीतीला कारण होते. पण वेळेवर प्रतिजैविक मिळाले तर तो बरा होतो, हेही माहीत होते. मृत्यू साठच्या आत राहिले. १८९७ चाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनासाठी पुन्हा लागू केला, आणि त्या मे महिन्यात पनवेलजवळच्या महामार्गांवरून माणसे गाठोडी घेऊन गावाकडे चालत जाताना सगळ्यांनी पाहिली.

प्लेगच्या गावात कामांचा क्रम काय असावा, असे मुलांना विचारून पाहावे. बहुतेक जण म्हणतील, आधी उंदीर मारा. प्रत्यक्षात आधी बिळांवर आणि घरात कीटकनाशकाची भुकटी टाकून पिसवा मारतात आणि उंदरांकडे नंतर वळतात. आधी उंदीर मारले तर त्यांच्यावरच्या भुकेल्या पिसवा उरतील तेवढ्या माणसांकडे वळतात.