अंगण, पेंढा आणि कुत्रीची पिल्लं

आपल्या रोहा-पेणकडे थंडी ती काय, असं घाटावरचे लोक हसून म्हणतात. भिऱ्याचं नाव तर उकाड्यासाठीच बातम्यांत येतं. पण मार्गशीर्ष-पौषात पहाटे कुंडलिकेवरून धुकं वर येतं, तेव्हा धाटावच्या बाईला चुलीपुढून उठवत नाही. अशा दिवसांत घरातली कोणती कामं निघायची आणि त्या कामांच्या आसऱ्याने दारातलं कुत्रं कसं जगायचं, याचा इतिहास आज सांगायचा आहे. तो कुणी लिहून ठेवलेला नाही, कारण ती सगळी बायकांची कामं होती.

पहिलं काम अंगणाचं. पावसाने अंगण धुपून जायचं, गवत वाढायचं. भात कापून झालं की गवत खणून काढायचं, टोपल्यांनी माती आणायची, पाणी शिंपून चोपण्याने चोपायची आणि वरून शेणाचा सडा. कारवीच्या कुडाला माती-शेणाचं लिंपण याच दिवसांत, परसाला नवी वई याच दिवसांत. भारे घराशी आले की उडवी रचायची, झोडणी झाली की पेंढा एका बाजूला. गुरांसाठी वर्षाची ती बेगमी. वालाला शेंगा धरेपर्यंत, म्हणजे पोपटी लावायचे दिवस येईपर्यंत, घराचं रूप पालटलेलं असायचं.

आता कुत्रीचं पंचांग बघा. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुत्रीचे दिवस साधारण त्रेसष्ट, म्हणजे दोन महिने. भाद्रपदात फळलेली कुत्री कार्तिक-मार्गशीर्षात विते, नेमकी थंडी सुरू होताना. पिल्लांचे डोळे दहा ते चौदा दिवस बंद असतात आणि पहिले दोनेक आठवडे त्यांना स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. माणसासारखं कुडकुडून गरम होणंही त्यांना जमत नाही. आई उठून गेली आणि खाली गार जमीन असली की पिल्लू तासाभरात थंड पडतं.

पण त्याच महिन्यात दारात कोरडा पेंढा असायचा. कुत्री उडवीच्या बुडाशी उकरून आत शिरायची, नाहीतर पडवीत चुलीमागच्या भिंतीला लागून. चुलीतली राख घराबाहेर पडायची तिथली जागा रात्रभर कोमट राहायची. कुत्र्याची काळजी म्हणून वेगळं कुणी काही करत नव्हतं. भाताचं काम निघायचं आणि त्यातून उबेची जागा आपसूक व्हायची. बाईने फक्त एवढंच करायचं, की पेंढा ओढताना तो कोपरा सोडायचा आणि पेजेतली वाटीभर पेज बाजूला ठेवायची.

ही सोबत फार जुनी आहे. काश्मीरमध्ये बुर्झाहोमला उत्खनन झालं. तिथले लोक चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी थंडीसाठी जमिनीत खड्डे खणून घरं करायचे, आणि तिथे माणसाच्या शेजारी पुरलेली कुत्रीही सापडली. आपल्या राज्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली काशाची चार मोठी शिल्पं मिळाली. त्यात बैलांचा एक रथ आहे, आणि रथाच्या दांडीवर चक्क एक कुत्रा उभा आहे. मला सगळ्यांत आवडते ती मात्र सिंधमधल्या चन्हुदडोची वीट. १९३५-३६ च्या उत्खननात सापडलेल्या या विटेवर मांजराचे पंजे उमटले आहेत आणि त्यांच्यावर कुत्र्याचे. वीट ओली असताना मांजर पुढे, कुत्रं मागे पळालं असणार. साडेचार हजार वर्षं झाली, आणि आजही नव्या कोब्यावर हेच होतं, गवंडी ओरडतो तेही तसंच.

राजांच्या कुत्र्यांबद्दल लिहिलेलं मिळतं. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लास ग्रंथात शिकारी कुत्र्यांवर वेगळं प्रकरण आहे. कर्नाटकात आतकूरला दहाव्या शतकातला वीरगळ आहे. राष्ट्रकूटांच्या काळातला. काळी नावाच्या कुत्रीने रानडुकराशी झुंज दिली, दोघंही मेले, आणि त्या काळीच्या नावाने दगड उभारून जमीन लावून दिली. काळी हे नाव आपल्या कुठल्याही वाडीत हाक मारली तर दोन तरी कुत्री धावत येतील असं. मात्र त्या काळीला थंडीत कुणी जागा दिली, पेज कुणी घातली, ते दगडावर नाही.

आता बदलाकडे येते. भिऱ्याचं वीजघर १९२७ चं. त्याचं सुटलेलं पाणी पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत आलं आणि काही शिवारांत उन्हाळी भात होऊ लागलं. मग १९६२ मध्ये राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढे धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली. घरात पगार आला. कुड गेले, विटांच्या भिंती आल्या. अंगणात कोबा नाहीतर लाद्या. चुलीच्या जागी गॅस. मी त्यावर रडणार नाही. दर वर्षी माती वाहून आणि वाकून सारवून ज्यांच्या कमरा गेल्या, त्यांना विचारा. पण मळणी यंत्राने शेतातच होऊ लागली, गुरं कमी झाली, पेंढा घराशी यायचा थांबला. हिवाळ्यात घरकाम आजही निघतं, फक्त ते प्लास्टरचं, रंगाचं, स्लॅबचं असतं. त्यात कुत्रीसाठी आपसूक होणारी जागा राहिली नाही. म्हणून ती गटारावरच्या फरशीखाली विते, नाहीतर उभ्या टँकरखाली, इंजिनाच्या उबेला. सकाळी गाडी सुरू झाली की काय होतं ते सांगायला नको.

दिवाळीनंतर आपली कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, तेव्हा त्यांचं कुत्रं सोबत निघतं. तिथे भट्टीच्या उबेला पोरं, कोंबड्या आणि कुत्री एकत्र निजलेली दिसतात. जुनी रीत टिकली आहे ती ज्यांच्याकडे पक्कं घर नाही त्यांच्यापाशी.

यात आपल्या पोराबाळांचा प्रश्न आहे, म्हणून थोडं पिसाळण्याबद्दल. इंग्रजांनी याचा उपाय मारण्यात शोधला. मुंबईत कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं, आणि त्यावरून जून १८३२ मध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला, मोठा दंगा झाला. पाश्चरने १८८५ मध्ये पॅरिसला लस टोचली. आपल्या देशात कसौलीला १९०० मध्ये आणि कुन्नूरला १९०७ मध्ये संस्था निघाल्या. पुढे कसौलीत सेंपल यांनी केलेली लस देशभर चालली. पोटातली चौदा इंजेक्शनं म्हणून आजी घाबरवायची ना, ती हीच. ती लस वीसेक वर्षांपूर्वी बंद झाली. आता इंजेक्शन दंडात घेतात, ठरलेल्या तारखांना, चार किंवा पाच वेळा. तरी पोटातल्या सुयांच्या भीतीने चावा लपवणारी मुलं आजही आहेत.

थंडीत हे जास्त सांभाळायला हवं. एरवी गरीब असलेली कुत्री पिल्लं झाली की कुणाला जवळ येऊ देत नाही, आणि पोरं तर पिल्लं उचलायलाच धावतात. चावलं किंवा नुसता दात लागला, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना. चेहऱ्यावर, बोटांवर किंवा खोल चावा असेल तर जखमेतही वेगळं औषध टोचावं लागतं, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा.

आता जागेचं. घराचं काम निघालं असेल तर उरलेल्या चार विटा आणि एक फळी बाजूला ठेवा. वाऱ्याकडे पाठ करून, जमिनीपासून वीतभर उंच, वर जुना पत्रा. आत कोरडा पेंढा. गोधडी नको, ती दवाने ओली होते आणि ओली गोधडी गार जमिनीहून वाईट. पेंढा आठवड्याने बदला. राखेत निखारा नाही ना, हात लावून बघा. ताज्या सिमेंटवर कुत्र्याला जाऊ देऊ नका, पंजे भाजतात. खरजेवर जुनं इंजिन ऑइल चोपडायची पद्धत आहे, ती सोडा. कुत्रं चाटतं आणि विष पोटात जातं. पाजणाऱ्या कुत्रीला रोजच्या दुप्पट अन्न लागतं. भात, पेज, माशाची डोकी चालतील. आई मेलेलं पिल्लू गार पडलेलं असेल तर आधी पदरात धरून ऊब द्या, मग दूध. गार पोटात दूध पचत नाही.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पिसाळण्यावरची लस, पुढे दर वर्षी. मार्गशीर्षातलं पिल्लू फाल्गुनात लसीला येतं. म्हणजे शिमग्याच्या आधीच्या बचत गटाच्या बैठकीत विषय घ्या, वाडीत पिल्लं किती ते मोजा आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात एकदमच सांगा. नसबंदीचा अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा आहे. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं पुन्हा त्याच वाडीत आणून सोडायचं असतं, हे अर्जात लिहायला विसरू नका.