माकूल, चेतातंतू आणि पेशीतला हमाल

१/ माणसाच्या कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा चेतातंतू सुमारे १ मीटर लांब असतो. त्याच्या टोकाला लागणारी बहुतेक प्रथिने मात्र कण्यालगतच्या पेशीकायेत घडतात. हा माल वाहून नेतो कोण? १९८५ पर्यंत या हमालाला नाव नव्हते.

२/ नुसत्या विसरणाने एवढे अंतर कापायला प्रथिनाला शतके लागली असती. प्रत्यक्षात वेगवान वाहतूक दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत पोहोचते. म्हणजे आत ऊर्जा खर्चून बल निर्माण करणारे काहीतरी असलेच पाहिजे.

३/ संशय होता मायोसिनवर. स्नायूंचे आकुंचन घडवणारे हे प्रथिन ॲक्टिनच्या तंतूंवर चालते. स्टॅनफर्डमधील विद्यार्थी रॉन व्हेल आणि संशोधक मायकेल शीट्झ यांनी हा तर्क माकुलाच्या चेतातंतूत तपासायचे ठरवले; कारण तो तंतू तब्बल १ मिलिमीटरपर्यंत जाड असतो.

४/ पण १९८३ मध्ये एल निन्योमुळे समुद्र तापला आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर माकूल आलेच नाहीत. मग दोघांनी थेट पूर्व किनाऱ्यावरील वुड्स होल गाठले. तंतूतून पिळून काढलेल्या द्रव्यातही कण धावत राहतात, हे ॲलन, ब्रेडी आणि लासेक यांनी नुकतेच व्हिडिओ-सूक्ष्मदर्शकाने दाखवले होते.

५/ तेथे तर्क कोसळला. ब्रूस श्नॅप आणि टॉम रीझ यांच्यासह इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहता, कण ज्या रुळावरून धावत होते तो ॲक्टिनचा तंतू नव्हता; ती एकच सूक्ष्मनलिका होती.

६/ दुसरे आश्चर्य असे, की वेगळे काढलेले कण क्वचितच हलत. तंतूतील विद्राव्य द्रव मिसळताच ते धावू लागत. काचेवर तर सूक्ष्मनलिकाच सरकू लागल्या. अर्थात इंजिन त्या द्रवात होते. १९८५ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे झाले. ग्रीक भाषेतील ‘हालचाल’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला कायनेसिन हे नाव मिळाले.

७/ बल येते कोठून? कायनेसिनला दोन ‘डोकी’ असतात. रुळावर ती पावलांचे काम करतात. पुढच्या डोक्याला एटीपीचा रेणू बिलगला, की त्याचा मानेसारखा दुवा पुढे वळून चिकटतो आणि मागचे डोके ओढले जाऊन पुढे पडते. १९९३ मध्ये लेसरच्या चिमट्याने हे पाऊल मोजले गेले : ८ नॅनोमीटर. एकटा रेणू सुमारे ६ पिकोन्यूटन भार ओढतो. पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग!

८/ हे बल क्षुल्लक नव्हे. कायनेसिनच्या एका जनुकातील दोषामुळे पाय ताठरत जाणारा आनुवंशिक विकार होतो, हे २००२ मध्ये उघड झाले. सर्वांत लांबच्या वाटांवर हमाल अडखळला, की झळ आधी पायांना बसते. ही साखळी हाती लागली, कारण दोघा संशोधकांनी आपला लाडका तर्क सोडून डोळ्यांसमोर दिसले ते स्वीकारले.