पाळीची बस

आमच्या लहानपणी दौंडमध्ये रेल्वेच्या माणसाला कामावर जाण्याची चिंता नव्हती. काम स्वतःच दारात येऊन हाक मारायचं. वडील फायरमन. रात्री एक वाजता कॉलबॉय क्वार्टरच्या दारावर काठी आपटायचा, नाव पुकारायचा, कंदिलाच्या उजेडात वहीवर सही घ्यायचा आणि पुढच्या दाराकडे वळायचा. तासा-दीड तासात वडील इंजिनावर. यार्ड चालत दहा मिनिटांवर होतं, कारण घरं तशीच बांधली होती.

जीआयपी रेल्वे पुण्याहून दौंडमार्गे दिकसाळपर्यंत १८५८ साली पोचली. पुढे १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघाला आणि भीमेकाठचं हे गाव जंक्शन झालं. गाडी ड्रायव्हरची वाट बघत थांबू शकत नाही, म्हणून रेल्वेने माणसं यार्डाशेजारीच राहायला आणली. १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, नंतर आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं. तिथेही हाच हिशोब होता. कामगाराला रोज आणायचं नाही, कायमचं वसवायचं. मालकाला हे सोयीचं होतं, कामगारालाही बऱ्यापैकी सोयीचं. फक्त नोकरी गेली की घरही जायचं.

पुण्याच्या बहुतेक कारखान्यांनी हा खटाटोप केला नाही. हडपसर, मुंढवा, पिंपरी इथे कामाला जाणारा दौंडकर पासहोल्डर झाला. पाटस, कडेठाण, केडगाव, खुतबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर ही नावं आम्हाला पाढ्यासारखी पाठ. आमच्या आळीतले एक काका एक सायकल दौंड स्टेशनवर ठेवत आणि दुसरी हडपसरला. दोन्ही सायकलींची त्यांनी सारखीच निगा राखली. दौंड-पुणे मार्गाला उपनगरी दर्जा द्या, ही मागणी तेव्हापासून ऐकतोय.

शेजारच्या शिरूरला रेल्वे आलीच नाही. शिरूरचा सगळा भार पुणे-नगर रस्त्यावर. पण याच रस्त्यावर १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली, पुणे ते नगर. शिरूरकरांना याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. अडचण एवढीच की एसटीचं वेळापत्रक बाजार, शाळा आणि कचेरी बघून लावलेलं. सकाळी सहाची पाळी त्यात कुठेच बसत नव्हती.

याच रस्त्यावर रांजणगाव एमआयडीसी उभी राहिली तेव्हा हे उघड झालं. फियाट, व्हर्लपूल, एलजी अशी मोठी नावं आली आणि त्यांच्यामागे सुटे भाग पुरवणारे शेकडो शेड. मी अशाच एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. हजेरी, ओव्हरटाइम आणि बसचे रूट हे माझं काम.

बस लावण्यामागे पर्यावरणाचा विचार कोणाच्याही डोक्यात नव्हता. असेंब्ली लाइनवर पाच माणसं कमी असली की लाइन अडते, एवढंच. ठेकेदाराच्या गाड्या लावल्या. एक घोडनदीहून म्हणजे शिरूरहून, एक शिक्रापूर-वाघोलीकडून, एक श्रीगोंद्याकडून आणि माझी लाडकी, दौंडची. ती पाटस, वरवंड करत चौफुल्याला यायची, केडगाव सोडून पारगावला भीमा ओलांडायची आणि न्हावऱ्यावरून रांजणगावला. दुसऱ्या पाळीची माणसं परतताना चौफुल्याची कलाकेंद्रं ऐन रंगात असायची. तिथे बस थांबवायची नाही, असा लेखी आदेश मला काढावा लागला होता!

थांबा देणं हे पंचायतीच्या निवडणुकीइतकं नाजूक काम. प्रत्येक वाडीला आपल्या फाट्यावर बस हवी. सरपंचांची पत्रं यायची. एका वाडीसाठी बस आत वळवली की पुढच्या चाळीस जणांची झोप दहा मिनिटांनी कमी व्हायची, आणि ते चाळीस जण माझ्याच खिडकीशी यायचे.

पण लोक बसने यावेत म्हणून आम्ही कधी पोस्टर लावलं नाही, बक्षीस ठेवलं नाही. एक नियम पुरला. कंपनीची बस उशिरा आली तर पूर्ण हजेरी. स्वतःच्या मोटरसायकलने उशीर झाला तर अर्धा दिवस कापला. हा नियम लागला आणि महिन्याभरात पार्किंगमधल्या गाड्या विरळ झाल्या. पगारातून नावापुरती कपात व्हायची, तिची कुणी तक्रार केली नाही.

परदेशात यासाठी केवढा खटाटोप झालाय, हे मला कॅलिफोर्नियातल्या भाच्याकडून कळलं. १९७३ साली मिनेसोटात थ्री-एम कंपनीने कामगारांच्या हाती व्हॅन दिल्या. चालवणारा कामगारच, तोच वाटेत शेजाऱ्यांना घ्यायचा. १९८८ पासून लॉस एंजेलिसच्या परिसरात शंभरावर माणसं असलेल्या मालकांना कायद्यानेच सांगितलं गेलं, की एकेका गाडीतून जास्त माणसं कशी आणणार याचा आराखडा द्या. व्हर्जिनियात शर्ली हायवेवर १९६९ साली बससाठी राखून ठेवलेली मार्गिका १९७३ मध्ये चार माणसं असलेल्या मोटारींनाही खुली झाली. भाचा म्हणतो, मामा, एका गाडीत दोघं-तिघं असलो तर आम्हाला वेगळी लेन मिळते. मी म्हटलं, आमच्याकडे एका गाडीवर तिघं असलो तर पावती फाटते.

राखीव मार्गिका आपल्याकडेही आली होती, तीही याच नगर रस्त्यावर. येरवड्यापासून वाघोलीकडे २०१६ साली बीआरटी सुरू झाली. मार्गिका पीएमपीच्या बससाठी. पुण्याहून रांजणगावला निघालेली पन्नास माणसांची कंपनीची बस मात्र शेजारच्या कोंडीत, एकट्या माणसाच्या मोटारीमागे उभी. मार्गिकेत कोणाला घ्यायचं हे बसच्या रंगावरून ठरलं, आत किती डोकी आहेत यावरून नाही. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. पुढे त्या मार्गिकेचे बरेचसे भाग उखडून टाकले. कंपन्यांच्या बस आत घेतल्या असत्या तर तिची बाजू घेणारी चार माणसं तरी उभी राहिली असती.

आता मुख्य दुखणं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत बसमधल्या रिकाम्या जागा वाढत गेल्या आणि गेटवर मोटरसायकलीही वाढत गेल्या. कारण बस कायम कामगारांची, आणि कायम कामगारच कमी होत चाललेला. ठेकेदाराकडचा पोरगा त्याच लाइनवर, त्याच पाळीत. पण ओळखपत्राचा रंग वेगळा, म्हणून बसमध्ये जागा नाही. तो कारेगाव-ढोकसांगवीच्या खोलीत सहा जणांत राहतो, नाहीतर पहाटेच्या धुक्यात उसाच्या ट्रॉल्या चुकवत न्हावऱ्याहून गाडी हाणतो. उसाच्या हंगामात त्या रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली म्हणजे काय, ते तिथल्या कोणालाही विचारा. रात्रपाळीच्या बायकांना ने-आण देणं मालकाला बंधनकारक आहे, म्हणून त्यांची गाडी येते. पोरांसाठी तसं काही नाही.

कायदा हळूहळू या रस्त्यावर उतरतो आहे. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली, आणि घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच मानला जाऊ लागला. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन २००३ साली पहाटेच्या ड्युटीवर मोटरसायकलने जाताना वाटेत वारला. त्याच्या घरच्यांना भरपाई मिळावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो जुलै २०२५ मध्ये. बावीस वर्षांनी.

रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत टाइम ऑफिसात, एचआरमध्ये कोणी हे वाचत असेल तर एक काम करा. बसमध्ये रोज किती जागा रिकाम्या जातात ते ड्रायव्हरला विचारा आणि ठेकेदाराच्या पोरांची गावनिहाय यादी मागवा. दोन कागद शेजारी ठेवून साहेबांकडे न्या. बहुतेक ठिकाणी नवी बस लावावी लागणार नाही.