चौक पादचाऱ्यांचा, पण पादचारी कोण?

मोटारी हटवून चालणाऱ्यांसाठी चौक तयार करण्याची टूम सध्या शहराशहरांत आहे. आमचा तिला विरोध नाही. या देशात सर्वांत जास्त पायी चालतो तो गरीबच. पण सार्वजनिक रस्ता आपल्याला कुणी आयता दिलेला नाही, हे विसरता कामा नये.

पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, हे बाबासाहेबांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले आहे. १९२४ चा त्रावणकोरमधील वायकोम सत्याग्रह तर मंदिरप्रवेशासाठी नव्हताच. मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून नुसते चालता यावे, एवढीच मागणी होती! दीड वर्षाहून जास्त झगडल्यावर तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेचा बंदच राहिला. हे माहीत असले की संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या शेजारी 'रस्ते' हा शब्द का आहे ते कळते.

आता दिल्लीचा चांदनी चौक पाहा. १६५० च्या सुमारास शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने तो वसवला, मधोमध पाण्याचा हौद ठेवून. पुढे इंग्रजांचे घंटाघर आले, ट्राम आली, मग मोटारींनी सगळेच गिळले. सप्टेंबर २०२१ मध्ये लाल किल्ल्याकडून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा हा रस्ता नव्या रूपात खुला झाला. लाल दगडाची फरसबंदी, बसायला जागा, सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी. चालणाऱ्याला श्वास मिळाला, हे मान्यच. पण फेरीवाल्याला तिथे बसायला मनाई आहे. गाळेवाल्याचे दुकान जागच्या जागी, टोपलीवाला मात्र 'अतिक्रमण'. टोपली घेऊन बसणारे कोण असतात, हे आम्ही वस्त्यांत काम करताना रोज पाहतो. त्यांच्या आजोबांकडे ना जमीन होती, ना गाळा.

कायदा त्यांच्या बाजूने आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत. त्यात एक तृतीयांश स्त्रिया हव्यात आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्वही हवे. आपल्या गावात असा चौक होणार असेल, तर फरशीचा रंग विचारण्याआधी या समितीच्या सदस्यांची यादी मागा. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात.