राजवाड्यांची दप्तरे आणि ॲमस्टरडॅमचा लिलाव

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाले. ९ जानेवारी १९२७ला, म्हणजे अवघ्या नऊ दिवसांत, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच स्थापन झाले. खानदेशात ही हकीकत स्मारकाची म्हणून सांगितली जाते. खरे तर ती एका संग्रहाची पांगापांग टळल्याची हकीकत आहे.

धनी गेल्यावर संग्रहाचे काय होते, याचे एक डच उदाहरण पाहू. ॲमस्टरडॅमचा व्यापारी खेरिट ब्रामकाम्प हा अठराव्या शतकातील नामांकित चित्रसंग्राहक. जून १७७१मध्ये तो वारला आणि ३१ जुलैला त्याच्या चित्रांचा लिलाव झाला. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्यासाठी घेतलेली चित्रे ‘फ्राउ मारिया’ जहाजावर चढली. ऑक्टोबरात ते फिनलंडच्या किनाऱ्याजवळ बुडाले. १९९९मध्ये जहाज सापडले, तरी चित्रे समुद्रातच राहिली. रेम्ब्रांटचे गालील समुद्रातील वादळाचे चित्र होप घराण्याकडे आणि कालांतराने बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयात गेले. तेथून ते १९९०मध्ये चोरीस गेले, ते अजून मिळालेले नाही. हा सारा माग आज काढता येतो, कारण लिलावाची छापील यादी उरली आहे.

आपल्या मोडी कागदांना बाजारात भाव नव्हता. त्यामुळे त्यांचा लिलाव झाला नाही. ते रद्दीत गेले, आणि रद्दीची यादी कोणी करत नाही. रद्दीवाल्याच्या आधी पोहोचावे म्हणून राजवाडे गावोगाव हिंडले. १८९८मध्ये त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे ही मालिका २२ खंडांपर्यंत गेली. मूळ कागद हरवला तरी मजकूर उरावा, ही सोय छपाईने झाली. धुळ्यातच शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली रामदासी हस्तलिखिते समर्थ वाग्देवता मंदिरात एकत्र राहिली. दोन्ही संग्रह घराकडून संस्थेकडे गेले, म्हणून टिकले.

पारोळा, एरंडोल, अमळनेर, चोपडा या भागांतील जुन्या घरांत वाटणीच्या वेळी दागिने तोलले जातात, भांडी मोजली जातात. माळ्यावरचा रुमाल मात्र कोणालाच नको असतो. तो सोडून आतील कागदांची यादी करायला एक दुपार पुरते. कागद कोणाच्याही वाट्याला जावोत, यादीची एक प्रत धुळ्याला पोहोचावी.